न बघता लागणारा रेडिओ

आमच्या आत्याला सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणत. शाळेत ती कधीच शिकवत नव्हती. ती बायकांना गाडी चालवायला शिकवायची. नर्सबाई, शिंपीण, बँकेतली कॅशियर, माझी आई आणि शेवटी मी, सगळ्या तिच्याच हाताखालून गेलो. गाडीही तीच, पांढरी, छोटी, वयानं माझ्याहून थोरली.

क्लच, गिअर काय, कुणीही शिकवतं. आत्याची परीक्षा असायची रेडिओची. गाडी रंगात आली की ती हुकूम सोडायची, “बातम्या लाव.” मग रस्त्यावरची नजर न हलवता हात पुढे करायचा, चाचपून रेडिओचा कान पिळायचा आणि स्टेशन लावायचं. नजर जरा खाली गेली की संपलं. “रेडिओ पळून चाललाय का गं? समोर बघ!” हे जमेपर्यंत आत्या कुणालाच एकटीला गाडी देत नसे. माझी आई या परीक्षेत इतक्यांदा नापास झाली, की बातम्यांची वेळ झाली की तिला घाम फुटायचा. मला मात्र ते दिवस फार आवडायचे. उन्हानं तापलेली सीट, दोन स्टेशनांच्या मधली ती खरखर, आणि मग एकदम स्वच्छ आवाजात कुणीतरी बोलायला लागायचं. आजही कुठे रेडिओ खरखरला की मला आत्याच्या गाडीत जाऊन बसावंसं वाटतं.

पुढे शिकणाऱ्या यायच्या बंद झाल्या, पण आत्या स्वतः गाडी चालवत राहिली. यंदा रेडिओनं मान टाकली. नेमकं त्याच सुमारास गाडीच्या दारावर एक लांबलचक ओरखडा उमटला. आत्याचं म्हणणं, खांबच वाकडा होता. तिच्या मुलानं, म्हणजे दादानं, सरळ सांगून टाकलं, “आई, आता आणखी काही झालं तर किल्ली माझ्याकडे.” दुसऱ्या दिवशी आत्यानं मला फोन केला, “चल, रेडिओ घ्यायचाय.” रेडिओ नवा बसला म्हणजे गाडी चालूच राहणार, असा तिचा हिशोब. मलाही तेच हवं होतं.

दुकानातल्या फिटरनं आधी पाटीएवढा मोठा स्क्रीन पुढे केला.

“आजी, यात नकाशा दिसतो, फोन जोडता येतो, मागचा कॅमेरासुद्धा दिसतो.”

“आजी मी घरी. इथे गिऱ्हाईक आहे,” आत्या म्हणाली. “आणि स्टेशन बदलायचं तर याच्याकडे बघावं लागतं?”

“म्हणजे काय! बघायलाच तर आहे.”

“मग उचल ते.”

त्यानंतर तिनं काउंटरवर सेट ओळीनं मांडायला लावले, डोळे मिटले आणि एकेकावर हात फिरवला. फिटर माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले. एका सेटवर तिची बोटं अडखळली. “ही बटणं आहेत की मुंग्या?” दुसऱ्याला बटणंच नव्हती, नुसती गुळगुळीत काच. शेवटी एका साध्या, अरुंद सेटवर तिला जाडजूड गोल बटण सापडलं. फिरवलं की टकटक करत सरकणारं. तिचा चेहरा एकदम उजळला. “हाच लाव. आणि जुन्या वायरी उगाच कापत बसू नकोस.”

फिटरनं जुना सेट बाहेर ओढला. त्याच्यामागून धुळीबरोबर चार-पाच केसांच्या पिना निघाल्या. आत्या खो खो हसली. “शिकताना घाबरल्या की डोकं खाजवायच्या मेल्या!”

परतताना अर्थातच तीच चालवायला बसली. नजर समोर, पाठ ताठ. हात पुढे गेला, बटण सापडलं, टक, टक, आणि जुनं गाणं लागलं. आत्या मान हलवत गुणगुणू लागली. मी तिच्या हाताकडेच बघत होते. वाटलं, सगळं होतं तस्संच आहे.

तेवढ्यात कुणीतरी जोरात ओरडलं. आत्यानं करकचून ब्रेक मारला. पिशवी घेतलेला एक माणूस आमच्या बॉनेटवर हात टेकवून उभा होता, पांढराफटक. वर सिग्नल लाल होता.

“दिसत नाही का हो?” तो म्हणाला.

एरवी आत्यानं त्याला चांगला फैलावर घेतला असता. तो निघून गेला. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली आणि रेडिओ बंद केला.

“माझी नजर समोरच होती ना गं?”

“हो आत्या. समोरच होती.”

“मग दिसला कसा नाही?”

आम्ही जागा बदलल्या. मी चालवत होते आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती. “घरी बोलू नकोस यातलं काही,” ती म्हणाली. मी मान डोलावली.

फाटकापाशी गाडी थांबवली, तरी ती उतरेना. दादा व्हरांड्यातून हात हलवत होता.

“तूच सांग त्याला,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून नाही निघायचं.”