खांद्याखाली मीच

आमच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. निवडणूक जवळ आली की ते आपले आपण काउंटरवर येऊन बसतात. ठाकुर्लीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मालक हरेशशेठ, काउंटरला सुषमाताई आणि कॉम्प्युटरवर मी. विधानसभेची तारीख अजून जाहीर व्हायचीय, तिकीट कुणाला ते कुणालाच ठाऊक नाही, पण आमच्याकडे 'भावी आमदारां'ची रांग लागलीय. सांगतो एकेक, फक्त नावं विचारू नका.

* * *

सुरुवात झाली एका पासपोर्ट फोटोपासून. मागच्या विधानसभेच्या आधी एक भाऊ धावत आले. "तासाभरात बॅनर पाहिजे, हात जोडलेला!" आणि फोटो दिला पासपोर्टचा. म्हटलं, भाऊ, यात हातच नाहीत.

"मग लाव ना कुठले तरी!"

हरेशशेठने इकडेतिकडे पाहिलं. "तूच उभा र्‍हा रं! तुज्या हाताला काय झालंय?" त्यांचाच पांढरा कुर्ता मला घातला, भिंतीपाशी उभा करून मोबाइलवर फोटो काढला. मग मी कॉम्प्युटरवर बसून माझ्याच हाताने माझी मान उडवली आणि भाऊंची बसवली. घरी दाखवलं तर बायको आणि मुलगी पोट धरून हसलेल्या.

ती फाइल तशीच राहिली. पुढे कुणी लग्नातला फोटो आणायचं, कुणाच्या हातात आइस्क्रीम असायचं. सगळ्यांना माझंच धड! परवा कल्याणच्या एका चौकात बघतो तर एकमेकांचं तोंडही न बघणारे तीन इच्छुक शेजारी शेजारी, आणि तिघांचं अंग माझं. सुषमाताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "काका, इथून कुणीही निवडून येऊ दे, खांद्याखाली तुम्हीच!"

* * *

एक साहेब वाढदिवसाचे बॅनर सांगायला आले. चाळीस बॅनर, वर 'भावी आमदार' ठळक.

"वाढदिवस कधी, साहेब?"

"मे महिन्यात."

"मग आत्ता कशाला?"

"अरे, तोपर्यंत तिकीटवाटप होऊन जाईल ना!"

गंमत म्हणजे बॅनर लागले त्या दिवशी वाढदिवस माझा होता. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? घरी जाताना चौकात थांबून पूर्ण बॅनर वाचला. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' खाली हात तर माझेच होते. मग कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध घेतलं आणि घरी गेलो.

* * *

आणखी एक इच्छुक. नेहमी पंधरा माणसं घेऊन यायचे, दुकानात उभं राहायला जागा उरायची नाही. मी विचारलं, पक्षाचं नाव काय टाकू?

"तेवढी जागा सोड. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे."

मी जागा सोडली. आठवड्याने फोनवर पक्षाचं नाव कळवलं, तेही टाकलं. बॅनर घ्यायला आले ते एकटेच, रिक्षाने. खुर्चीत बसले, पाणी मागितलं. जागावाटपात त्यांच्या पक्षाने हा मतदारसंघ मित्रपक्षाला देऊन टाकलेला!

"मी तुला जागा सोड म्हणालो," ते म्हणाले, "आणि सोडली पक्षाने!"

आम्ही हसलो, तेही हसले. सुषमाताईंनी चहा मागवला. पंधरा माणसं सकाळीच दुसऱ्याच्या ऑफिसात गेलेली. चहा संपला तरी ते उठेनात. "घरी जाववत नाही रे," म्हणाले. मी म्हटलं, बसा, मलाही घाई नाही.

* * *

माझी डावी करंगळी वाकडी आहे. दुकानाचं शटर पडलेलं त्या हातावर, फार वर्षं झाली. करंगळी वाकली ती वाकली, हाताची पकडही गेली. त्या हाताने नेलकटर दाबता येत नाही. मग दर रविवारी उजव्या हाताची नखं बायको कापायची. नखांतली शाई बघून कुरकुरायची, "एवढ्या लोकांना निवडून आणता, आता स्वतः उभे राहा, म्हणजे नखं कापायला पीए तरी मिळेल!"

तर ती करंगळी सगळ्या बॅनरवर तशीच जायची. पासपोर्टवाले भाऊ एका सोसायटीत प्रचाराला गेले. हात जोडले तर दारातल्या आजी म्हणाल्या, "तुम्ही ते नाही. फोटोतल्याची करंगळी वाकडी आहे." पायाखालची जमीनच सरकली ना! तेव्हापासून भाऊ सभेत करंगळी वाकडी करून नमस्कार करतात. आता त्यांचे कार्यकर्तेही तसाच करतात!

* * *

पुढचा काही किस्सा नाही, पण सांगून टाकतो.

मागच्या खेपेला त्या पासपोर्टवाल्या भाऊंनी अर्ज भरला तेव्हा माझी बायको हॉस्पिटलात होती. सकाळी तिने विचारलं, "थांबता का आज?" म्हटलं, मिरवणुकीचे बॅनर द्यायचेत, दुपारी येतोच. दुपारी पोचलो तर ती गेलेली. मुलगी प्राजक्ता शेजारी बसलेली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बॅनर वेळेत गेले ना, बाबा?"

त्यानंतर तिचा फोन नाही. शहाडला राहते, ठाकुर्लीहून दोन स्टेशनं. माझे फोन वाजून वाजून बंद होतात. तिचा राग बरोबर आहे, म्हणून मी कुणाकडे तक्रार करत नाही. पण घर खायला उठतं. रविवारी तर फार. सुट्टीच्या दिवशीही दुकानात येऊन बसतो, त्याला शेठ म्हणतात कामाची आवड!

* * *

आता यंदाचं. एका साहेबांना शहाड स्टेशनबाहेर तीस फुटी कटआउट पाहिजे होता. जुना फोटो तेवढा मोठा केला की फुटायचा, धूसर दिसायचा. शेठ म्हणाले, "चल, पुन्हा उभा र्‍हा."

या वेळी साहेब स्वतः हजर! "कॉलर सरळ कर. ही माझी अंगठी घाल. पोट आत घे, माझं एवढं नाही!" सगळं त्यांच्या मनासारखं झालं. मी मान उडवली, साहेबांची बसवली, कटआउट उभा राहिला.

प्राजक्ता रोज कामाला त्याच स्टेशनवरून जाते. शेठना सांगून, थोडे फुटले तरी, मला जुन्या फोटोतले हात लावता आले असते, काहीतरी कारण काढून जागाही बदलता आली असती. मी कटआउट तसाच जाऊ दिला. तिने बघावं असं वाटत होतं आणि बघू नये असंही. चार दिवस फोन कीबोर्डशेजारी ठेवून काम केलं. सुषमाताईंनी एकदा विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, आचारसंहितेची!

पाचव्या दिवशी फोन आला तो साहेबांचा, शेठच्या मोबाइलवर. शेठनी स्पीकर लावला. साहेब खुशीत होते. "कटआउट एक नंबर झालाय! लोक थांबून बघतात. काल एक बाई तर दहा मिनिटं मान वर करून खाली उभी होती. डोळे पुसत होती, विचारा आमच्या पोरांना. एक मत पक्कं!"

शेठ हसले. मी कीबोर्डशेजारचा फोन जवळ ओढला.

जेवायच्या सुट्टीत माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'प्राजू'. उचलला. हॅलो नाही, कसे आहात नाही. मागून शहाड स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येत होती. ती संपेपर्यंत प्राजू थांबली, मग म्हणाली,

"बाबा, उजव्या हाताची नखं आता कोण कापतं?"