आबांचा नकार

चौदा मोसम व्यावसायिक फुटबॉल खेळलो. आधी गोव्यात, मग कोलकात्यात, शेवटी बंगळुरूत. माईक समोर आला की मला कधी संकोच वाटला नाही — विचारलेलं सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. एक गोष्ट तेवढी वगळत आलो. ती बायकोलासुद्धा माहीत नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कारकिर्दीवर लिहा’ म्हटलं, तेव्हा ठरवलं की या वेळी तीच लिहायची. आणि बघा — सुरुवात पुन्हा मोसम मोजण्यापासूनच केली.

असू द्या. मी चांगला खेळलो, हे आधी म्हणू द्या मला. पुढचं वाचल्यावर तुम्ही ते ऐकून घेणार नाही, म्हणून आधी. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना ऊसतोड आठवते, कोरड्या विहिरी आठवतात. फुटबॉल कुणाला आठवतो? आमच्या धारूरच्या डोंगरात गोल वस्तू म्हणजे एक तर भाकरी, नाही तर दगड. तिथून उठून मी मधल्या फळीत खेळलो. गोल करणाऱ्याचा फोटो येतो, गोल अडवणाऱ्याचाही येतो. मधल्या फळीतला असतो कुणाच्या तरी खांद्यामागं, अर्धा. पण चेंडू फिरतो आमच्या पायांतून. आमचे आघाडीचे वीर गोल चुकला की मैदानाला नावं ठेवायचे — नाचता येईना, अंगण वाकडं. मी त्याच अंगणात चौदा वर्षं नाचलो. एकदा देशाच्या शिबिरात महिनाभर होतो. सामना मिळाला नाही, पण तो निळा शर्ट माझ्या कपाटात इस्त्री करून ठेवलाय. त्याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवणार नाही.

गोव्यातले प्रशिक्षक म्हणायचे, मल्हारीला पाठीमागं डोळे आहेत. ते कुठून आले, हे प्रत्येक मुलाखतीत विचारलं जायचं आणि माझं उत्तर ठरलेलं — मेंढरांनी शिकवलं. लोकांना ते फार आवडायचं. आम्ही धनगर. मेंढरं चारायला न्यायची तर दोन माणसं लागतात, एक पुढं आणि एक मागं. पुढं आबा, म्हणजे माझे वडील. मेंढरं त्यांच्या आवाजामागं चालायची. मागच्याचं काम अवघड. वाटेच्या दोन्ही अंगांना लोकांची ज्वारी उभी. एक मेंढरू आत शिरलं की दिवसभराचं भांडण. म्हणून ते वळायच्या आधी मागच्याला कळायला हवं. मेंढरू वळण्याआधी त्याचा कान वळतो. मैदानात माणसाचा खांदा वळतो, बाकी सगळं तेच. आणि आमच्यात एक रीत आहे — पुढचा माणूस मागं वळून बघत नाही. बघितलं, तर मागच्यावर भरवसा नाही असा अर्थ होतो. आठवडी बाजाराच्या गर्दीतून मेंढरं काढतानाही आबा कधी वळले नाहीत.

आता यात खोटं काय? खोटं काहीच नाही. फक्त — कान बघायला मला मेंढरांनी नाही शिकवलं. भागीनं शिकवलं.

भागीरथी, माझी बहीण. माझ्याहून दीड वर्षानं लहान. मी मागं असलो की दोन-चार मेंढरं ज्वारीत गेलीच म्हणून समजा. ती असली की एक जायचं नाही. ती मला हसायची. म्हणायची, “दादा, तू मेंढरू बघतूस. मेंढरू कुठं बघतंय ते न्हाई बघत.” हे वाक्य मी पुढं कितीतरी शिबिरांत नवख्या पोरांना सांगितलं. पोरांनी वह्यांमध्ये उतरवून घेतलं — खाली माझं नाव घालून.

हीच का ती गोष्ट? नाही. ही असती तर सोपं होतं. बहिणीचं वाक्य चोरलं म्हणून कुणी वीस वर्षं गप्प बसत नाही. अजून थोडं मागं जावं लागेल.

धारूरच्या शाळेत आम्हाला शेख सर होते. मूळचे बीडचे, तरुणपणी कॉलेजकडून खेळलेले. शाळेचा तास संपला तरी त्यांचा संपायचा नाही. त्यांनीच मला घडवलं आणि चौदाव्या वर्षी पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली. जूनमध्ये जायचं होतं. गावात मी आत्ताच खेळाडू असल्यासारखा चालायला लागलो होतो. मे महिन्यातल्या एका रविवारी भागी माझी भाकरी घेऊन मैदानावर आली. एक गडी कमी होता. सरांनी तिला सहज म्हटलं, थांब जरा, खेळ.

ती सलवार-कमीज घालून, अनवाणी खेळली. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तिनं तीनदा माझ्या पायातून चेंडू काढून घेतला. चेंडू येण्याआधी ती दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागं बघून घ्यायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खेळ संपल्यावर सरांनी आम्हा दोघांना उभं केलं. पुढच्या रविवारी बीडच्या क्रीडा वसतिगृहासाठी मुलींची निवड आहे, म्हणाले, वडिलांना विचारून हिला घेऊन ये. भागी भाकरीचं फडकं घेऊन पुढं निघाली तसं त्यांनी मला हाताला धरून थांबवलं.

“मल्हारी, ही तुझ्याहून लई तेज हाय बे. हिला आणच.”

वाटेत मी भागीला गाठलं. घराच्या अलीकडं ओढ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “तूच इचार आबाला. माझ्या तोंडातून न्हाई निघायचं.” आमच्या घरांत तसंच असतं. पोरीचं मागणं बापाकडं थेट जात नाही. आईकडून जातं, नाही तर भावाकडून. आई तेव्हा मामाकडं गेली होती. तेव्हा तो निरोप माझ्याकडं आला.

संध्याकाळी आबा वाघरीपाशी — म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी — एका मेंढीचे वाढलेले खूर कापत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. मेंढीचा पाय धरला. आबांनी विचारलं, मैदानावर काय विशेष? मी म्हणालो, काही नाही.

झालं. एवढंच. मी विचारलंच नाही.

मग उठलो आणि भागीकडं गेलो. ती चुलीपाशी होती, माझी वाटच बघत होती. मी सांगितलं, आबा नको म्हणाले. तिनं विचारलं, “कावून?” मी म्हणालो, आपल्यात पोरींना पाठवत नाहीत म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं. जिला मेंढराचा कान दिसायचा, तिला माझं तोंड कसं वाचता आलं नाही? मला वाटतं, तिनं वाचायचा प्रयत्नच केला नाही. भावाकडं तसं कोण बघतं?

सोमवारी सरांनाही तेच सांगितलं. सर हळहळले. मी येऊन बोलू का वडिलांशी, म्हणाले. मी म्हटलं, नको सर, आबा चिडतील. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मेंढरं राखणारा अडाणी बाप पोरीला नको म्हणाला, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही? हे खोटं बोलायला फार सोपं होतं — ऐकणाऱ्याला ते आधीच पाठ होतं.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलो. मी पुण्याला, ती बीडला, मग मेंढरांच्या मागं कोण? दोघांपैकी एकाला परत बोलावलं असतं, आणि ते मला बोलावतील अशी भीती वाटली. ऐकायला बरं वाटतं ना? पण माझी निवड झाली त्या दिवशी आबाच म्हणाले होते, “मेंढरं कमी करू. मेंढरू काय लेकराच्या वर हाय का?” हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, त्या रविवारच्या पंधरा दिवस आधी. तेव्हा ते उत्तर टिकत नाही. खरं कारण सरांच्या तोंडातले चार शब्द. तुझ्याहून लई तेज हाय. माझा जळफळाट झाला. घरात एकच खेळाडू हवा होता मला, आणि तो मी.

पुढच्या रविवारी भागी मेंढरांच्या मागं गेली. चार वर्षं जात राहिली. मग दिंद्रुडला दिली. आबांशी ती भांडली नाही, एका शब्दानं कधी विचारलं नाही. फक्त बोलणं कामापुरतं ठेवलं. जेवा. आले. जाते. मी कोलकात्यात असताना एकदा आबांनी फोनवर विचारलं होतं, “भागी माझ्याशी मोकळं बोलत न्हाई रं. काय चुकलं माझं, तुला ठाव हाय का?” सरावाला निघालो होतो, बूट बांधत होतो. मी म्हटलं, मला काय माहीत आबा. आणि त्या शनिवारी मी मोसमातला सगळ्यांत सुंदर पास दिला, चाळीस यार्डांवरून, न बघता. अजून तो लोक आठवतात. मलाही आठवतो. खेळ माणसाची झडती घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा धारूरला सत्कार झाला. मांजरसुंब्याच्या चौकातून पोरांनी मोटारसायकलींवरून मिरवत नेलं, वाटेत ढाब्यावाल्यांनी हार घातले. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? भाषणात मी भागीचं नाव घेतलं. मोठेपणा दाखवायचा होता. म्हणालो, माझी बहीण माझ्यापेक्षा चांगली खेळायची, सरांनी तिला निवडीला बोलावलं होतं. पण त्या काळी आमच्यात मुलींना पाठवत नसत, घरून नकार आला. आज मात्र मुलींना खेळू द्या. मोठ्या टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आबा फेटा बांधून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दोन खुर्च्या सोडून बसलेल्या भागीकडं बघितलं. वीस वर्षं त्यांना न सुटलेलं कोडं मी माईकवरून सोडवून दिलं होतं. आणि आबांनी हळूच मान हलवली. होय, असंच झालं म्हणून.

मी खाली उतरलो तोवर ते उठले होते. फेटा सोडला, पाणी प्यायले. मी खाई त्याला खवखवे म्हणतात तसा त्यांच्या आजूबाजूला घुटमळत होतो. त्यांनी मला जेवून घे म्हटलं.

या वर्षी उन्हाळ्यात भागीचा फोन आला. तिची मुलगी आता फुटबॉल खेळते, वसतिगृहात निवड झालीय. ते सांगायला भागी धारूरला गेली होती आणि तिथं तिनं आबांना शेवटी विचारलंच.

“इचारलं मी आबाला. म्हणला, व्हय गं पोरी, मीच नको म्हणलो. चुकलं माझं.” मग म्हणाली, “लई रडले दादा त्याच्यापाशी. माफ करून टाकलं. मनातून गेलं आता सगळं.”

कळलं तुम्हाला? फाऊल माझा, कार्ड त्यांनी घेतलं. आणि स्वतः न मारलेल्या त्या लाथेबद्दल ऐंशीकडं आलेल्या माणसानं लेकीची माफी मागितली. मी तेव्हा तरी काही बोललो असेन? मी म्हणालो, बरं झालं. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. हे दोन शब्द बोललो तेव्हा दोन मुलांचा बाप होतो.

त्यानंतर आठवड्याभरानं गावी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. आबांकडं आता पंधरा मेंढरं आहेत, सवय जात नाही म्हणून ठेवलेली. मी आलेला बघून ते उठले, काठी घेतली आणि म्हणाले, “चल. मागं तू ऱ्हा.”

पुढं ते, मध्ये मेंढरं, मागं मी. ज्वारी निघाली होती, रान मोकळं होतं, सांभाळण्यासारखं काही नव्हतं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मागं चालणारा कसला माणूस आहे हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. तरी सबंध वाटेत आबांनी एकदाही वळून बघितलं नाही. मला सांगता आलं नाही.

माझ्याबद्दल छापून आलेलं सगळं भागी कापून पत्र्याच्या पेटीत ठेवते. हे पानही तिच्या हातात जाईल.

भागी, आबा कधीच नको म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.