दार लावून केलेलं जेवण

सुनेने कोलंबीचं कालवण केलं आणि त्या वासाने मी थेट डिलाईल रोडच्या चाळीत पोचलो.

मी लहान होतो. शेजारच्या सुरेशचे वडील ज्या कापडगिरणीत कामाला होते, ती तेव्हा बंद होती; घरात पगार नव्हता. आईने कालवण केलं आणि दार लावून घेतलं.

"काय गो वैनी, दार लावन जेवतंस?" बाहेरून सुरेशची आई हसत म्हणाली.

आई माझ्या कानात कुजबुजली, "तिला वाटीभर कालवण दिलं, तर वाटी रिकामी परत करायची नाही अशी रीत. बिचारी भरणार कशाने?"

चाळ आईला कंजूष म्हणत राहिली; मीही कधी खुलासा केला नाही. आज सुरेशला फोन करून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "आम्ही त्या वासावर नुसती पेज प्यायलो रे."

आता आईची बाजू घ्यावी की त्याची, मला कळेना.