हवालदाराचा आठवा वार

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साचतात ना, तसे आमच्या आखाड्याचे किस्से माझ्याकडं साचलेत. एकही कामाचा नाही, पण फेकवत नाही! आता चहाला बसलाच आहात तर ऐका. तो आखाडा एकदा कायमचा बंद पडता पडता राहिला, ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तुम्ही उठून जाल.

इंग्रज जाऊन पाचसात वर्षं झाली असतील. आपला जिल्हा तेव्हा चांदा. चामोर्शीत लक्ष्मणभाऊ म्हणून एक हवालदार फौजेतून पेन्शन घेऊन परत आले. लढाईच्या दिवसांत ते मलायात होते. तिथं छावणीजवळ त्यांना फिलिपाईन्सचा एक खलाशी भेटला. ह्यांनी त्याला विड्या पाजायच्या, त्यानं ह्यांना काठी शिकवायची, असा सौदा! आपली लाठी माणसाच्या उंचीची. ही काठी हातभर, आणि एका वेळी दोन, दोन्ही हातांत एकेक.

हवालदारांना मूलबाळ नव्हतं. वहिनीही गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्या खळ्यावर आम्ही पोट्टे जमलो की माणसाच्या तोंडावर तेज यायचं. तो आखाडाच त्यांचं घरदार होतं.

०

नव्या माणसाला वाटायचं, पहिल्याच दिवशी हातात काठी येईल. छे! हवालदार राखेनं जमिनीवर त्रिकोण आखायचे आणि म्हणायचे, "याच्यावर चाला." पुढं, मागं, तिरकं. आठ दिवस नुसतं चालण्याचं ट्रेनिंग!

मंगरू मडावी जंगलातल्या गावाहून यायचा. चार दिवस त्यानं गुमान चालून काढले. पाचव्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हवालदारभाऊ, येक इचारू का जी?"

"इचार."

"तीन कोस चालत येतो मी. इथी येऊन अखीन चालाचंच होतं, तं घरीच चाललो असतो ना!"

"घरी तू सरळ चालतो," हवालदार म्हणाले. "सरळ चालनारा मार खाते!"

मंगरू पुन्हा त्रिकोणावर गेला. घरी जातानाही तिरकाच गेला म्हणतात!

०

काठी मिळाली की दुसरी गंमत. पहिला फटका दुश्मनाला लागतच नाही, आपल्याच कानाला लागतो! उजवा हात वर तर डावा काखेत, मग उलटं. डोक्यात काही शिरायच्या आत डोक्यावर टेंगूळ!

माझ्यासोबत गणपत बुरूड शिकत होता. सगळ्यांच्या काठ्या त्यानंच भरीव बांबूच्या करून दिल्या होत्या. एकाच आठवड्यात त्याच्या आणि माझ्या कपाळावर सारखंच टेंगूळ, आणि तेही उजव्याच बाजूला. झालं! गावानं दोघांच्याही बायकांवर आळ घेतला.

गणपतची बायको विहिरीवर रडकुंडीला आली. "मी तं हात बी नाई लावला वं माय!"

आणि पाटलीणबाई माझ्या बायकोला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "कायनं मारलं, तेवढं मले सांग ना!"

०

आखाड्याचे नियम दोनच. डोक्यावर मारायचं नाही, काठी धरलेल्या हातावर मारायचं. आणि ज्याची काठी पडली तो हरला. त्यानं विहिरीवरून सगळ्यांसाठी पाणी आणायचं. सगळ्यात जास्त पाणी कोणी वाहिलं असेल? ह्या दामू शिंप्यानं!

एकदा माझा अंगठा आलूएवढा सुजला. त्यातच पाटलाचा लग्नातला कोट मशीनवर. कळवळत, शिव्या देत शिवला. पाटलानं अंगात घातला तेव्हा कळलं, दोन्ही बाह्या डाव्या! उजवा हात काही केल्या पुढं येईना. मी दाराकडं पाहिलं, पळायला जागा आहे का म्हणून.

पाटलांनी आरशासमोर उजवा हात दोनदा ओढून पाहिला. मग म्हणाले, "दामू, हा कोट तुया आखाड्यातलाच दिसते बे! हात आपोआप मागं जाऊन राह्यला!"

०

आमच्या वारांना नावं नव्हती, आकडे होते. हवालदार "तीन!" ओरडले की एकानं तिसरा वार करायचा, दुसऱ्यानं अडवायचा. महिनाभरात अशी सवय लागायची की आकडा कानावर पडला की हात उठलाच!

बाजाराच्या दिवशी एक बैलांचा दलाल गणपतच्या मागं उभा राहून ओरडला, "पाच!" गणपतनं दोन्ही हात उचलून जी तिरकी उडी मारली, ती थेट वांग्यांच्या टोपलीत.

वांगेवाली बाई उठलीच. "काऊन बे, अंगात आलं का तुया?"

"बाई, तो पाच म्हनला ना!"

"आनि धा म्हनला असता तं?"

गणपत वांग्यांत बसूनच म्हणाला, "धा अजून शिकवले नाई जी!"

०

धा कुठले? शिकवले होते फक्त सात! सातवा झाला की पुन्हा एक. आम्ही विचारायचो, "हवालदारभाऊ, आठवा कवा?" ते म्हणायचे, "वेळ आली का." असं तीन वर्षं.

मग आम्हीच ठरवून टाकलं की आठवा वार फारच भयंकर असला पाहिजे, म्हणून शिकवत नाहीत. मी गिऱ्हाइकांना मापं घेताना सांगितलं. गणपतनं टोपल्यांसोबत गावोगाव पोचवलं. मंगरूनं जंगलात नेलं. गोष्ट जाताना काठीएवढी गेली आणि येताना सागाएवढी होऊन आली!

एकदा जिवतीकडचा एक गाडीवान खळ्याशी पाणी प्यायला थांबला. समोर कोण बसलंय, त्याला काय माहीत!

"इथी कोनी हवालदार राह्यते म्हनते जी. त्याच्या आठव्या वारानं रेडा खाली बसला!"

हवालदारांनी विचारलं, "मंग? उठला का?"

"उठला असता तं इतक्या दूर गोठ आली असती का!"

आम्ही पोट धरून हसलो. हवालदार मात्र हसले नाहीत. मला तेव्हाच जरा चुटपुट लागली.

०

राजुऱ्याला बाबाराव उस्तादांचा लाठीचा मोठा आखाडा. पण त्यांचीच पोरं त्यांना विचारायला लागली, "उस्ताद, तुमाले आठवा येते का?" उस्तादांचं डोकं फिरलं. एका बाजाराच्या दिवशी वीसेक चेले घेऊन ते चामोर्शीत हजर!

"हवालदार, सगळ्या बाजारासमोर खेळू. ज्याची काठी पडन, त्यानं आखाडा बंद कराचा. अन् आठवा पाहूनच जाईन मी!"

हवालदार म्हणाले, "बरं."

आम्ही नाचायलाच लागलो. हवालदारांनी माझी कॉलर धरून मला एका छकड्याच्या मागं नेलं.

"दामू, आठवा मले येत नाई."

"म्हंजे?"

"तो खलाशी दिवसाले येक वार शिकवे. सात दिवस झाले. आठव्या दिवशी त्याचं जहाज गेलं. तुमी इचारलं तवा सांगाची लाज वाटली. अन् तुमी गावभर डंका पिटला!"

आमच्या जिभांनी त्या माणसाचं घरदार पणाला लावलं होतं! मी म्हणालो, "भाऊ, मी उस्तादांच्या पाया पडतो. खोटं बोललो म्हनतो."

"राहू दे. आखाडा बंद पडाचाच असन तं खेळून पडन."

रिंगण झालं. हवालदार म्हणाले, "उस्ताद, तुमी पाहुने. मी आकडा सांगूनच मारतो."

"एक!" उस्तादांनी अडवला. "दोन!" अडवला. माणूस कच्चा नव्हता, खोटं कशाला बोलू! सहाव्याला त्यांनी उलट असा दणका दिला की हवालदारांची डावी काठी निसटता निसटता राहिली. "सात!" तोही अडवला. हवालदारांना धाप लागली होती. मंगरूनं डोळे मिटून घेतले.

हवालदार दोन पावलं मागं सरले. दोन्ही काठ्या खाली केल्या. उस्तादांकडं सरळ पाहिलं. मग ड्रिलच्या मैदानावरचा तो जुना आवाज काढून ओरडले,

"आठ!"

आणि होते तिथंच उभे राहिले. बोटसुद्धा हललं नाही!

उस्तादांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मटकन खाली बसले. त्यांची लाठी गडगडत वांगेवालीच्या टोपलीपर्यंत गेली.

बाजारात एकच कल्ला झाला. उस्ताद धोतर झटकत उठले आणि पडेल आवाजात म्हणाले, "झाला माझा आखाडा बंद."

"बंदगिंद काही नोको करा," हवालदार म्हणाले. "आमच्यात काठी पडली का पानी आनते."

राजुऱ्याच्या उस्तादांनी खरोखरच विहिरीवरून घागर भरून आणली. हवालदारांच्या ओंजळीत पाणी ओतता ओतता, चेल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. मले तं तो वार दिसलाच नाई!"

हवालदार पोटभर पाणी प्याले. मिशा पुसल्या.

"दिसला असता तं तो सातवाच असता ना, उस्ताद!"