तिसावं माप

"हं, खेचा. अजून एकदा खेचा."

चाचांच्या दुकानात पाय ठेवला की हे ऐकावंच लागे. तुम्ही खाटेचा मोडका पाय घेऊन आलेले असा, नाहीतर नुसता पत्ता विचारायला. ते तुमच्या हातात एक हलकं धनुष्य देणार. त्यावर बाणाऐवजी इंचाच्या खुणा केलेली काडी. दोरी हनुवटीशी आली की धनुष्यापाशी काडीचा कितवा इंच आला, ते चाचा वाकून बघत. तो तुमचा ताण. धनुष्य करून घ्यायचं असो वा नसो, मोजल्याशिवाय सुटका नाही.

उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. पोट खाटा-खुर्च्यांवर, जीव धनुष्यांवर. मी शाळेत खेळाचा मास्तर. आमच्या मुलांची धनुष्यं तेच करत, किनवटकडून आणलेल्या धामणीच्या लाकडाची. पहिल्यांदा गेलो तो टेपनं घेतलेल्या मापांची सुबक यादी घेऊन. चाचांनी ती वाचली, नीट घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"कागदाला खांदा असतोय का मास्तर? माणूस आणा."

माणूस आणला, तरी ते तीस वेळा दोरी खेचायला लावत आणि लिहून घेत ते फक्त शेवटचं माप. "पयलं माप इज्जतीचं असतंय," ते म्हणत, "तिसावं माणसाचं." हसू नका, तुम्हीही कुणाला मोजून बघा. मोजतोय म्हटलं की माणूस छाती काढतो, दोरी थेट कानामागं नेतो. पंधराव्या खेपेला शर्ट बाहेर येतो, पंचविसाव्याला पोट. मी स्वतः अठ्ठावीस इंचांनी सुरुवात करून पंचविसावर आलो होतो, आणि वर पाणी मागितलं होतं.

आमचे मुख्याध्यापक पहिल्या बाणानं फुगा फोडून क्रीडामहोत्सव सुरू करणार होते. सफारी घालून आले. पहिल्या खेपेला एकतीस, तिसाव्याला सव्वीस. "एकतीसचंच करा," असं बजावून घाम पुसत निघून गेले.

मला धडकी भरली. सव्वीसच्या माणसाला एकतीसचं धनुष्य दिलं, तर ते त्याच्याकडून पुरतं वाकत नाही आणि बाण पायाशी पडतो. सव्वीसचं दिलं आणि त्यानं पाहुण्यांसमोर फुशारकीनं खेचलं, तर काडकन मोडतं. चाचा तीन दिवस लाकूड तासत आणि वाकवत राहिले.

"जोर सव्वीसला हाय," धनुष्य देताना म्हणाले, "पण एकतीसपतूर तुटायचं न्हाई. वरचे पाच इंच सायबांच्या इज्जतीला सोडलेत."

फुगा फुटला, टाळ्या पडल्या. साहेब अजूनही आपला ताण एकतीस सांगतात.

मग पल्लवी आली. आठवीतली, बिलोलीकडची, शिकायला उदगीरला मावशीकडे राहिलेली. हात स्थिर, नेम पक्का. पण मोजायला उभी केली की अंग चोरायची. पहिल्या खेपेला बावीस आणि तिसाव्यालाही बावीस. नांदेडची निवड चाचणी आठवड्यावर आलेली. निवड झाली नाही तर घरचे तिचा खेळ बंद करून तिला परत नेणार होते, तसा निरोपच आला होता.

"बावीसचंच करून टाका चाचा," मी म्हणालो. "तिसावं माप आहे."

"हे पोरीचं माप न्हाई. भीतीचं हाय."

रोज शाळा सुटली की ती यायची आणि खेचायची. चाचा तिच्याकडे पाठ करून रंधा मारत बसायचे. मी चडफडत होतो. चौथ्या दिवशी पोरगी भडकली. "चाचा, मी खेचून खेचून मरून राहिले, अन् तुम्ही बघून बी नाही राहिले!" म्हणत तिनं रागानं दोरी पार हनुवटीला टेकवली.

चाचांनी रंधा टाकला आणि काडीवर बोट ठेवलं. "साडेपंचवीस! हलू नको बेटा!"

त्याच मापाचं धनुष्य झालं. पण मैदानावर ती पुन्हा आखडली तर? मी चाचांना म्हटलं, "तुम्ही चला सोबत."

"न्हाई येणार. मी असलो की ती माझ्याकडं बघंल. त्या दिवशी तिनं कुणाकडंच बघू नये."

नांदेडला तिचा पहिला बाण निम्म्या वाटेत गवतात पडला. तिनं धनुष्य खाली घेतलं, डोळे मिटले, पुन्हा उचललं. त्यानंतरचे बाण एकामागोमाग एक निशाणावर बसले. यादीत तिसरं नाव तिचं होतं. अनोळखी लोकांसमोर मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तिथूनच फोन लावला.

"चाचा, निवड झाली!"

"ते असू द्या. खेचलं किती?"

"तिसरी आली, चाचा!"

"अवो मास्तर, पोरीनं खेचलं किती?"

"माझं लक्ष... निशाणाकडं होतं."

"निशाण काय पळून चाललं होतं का? मग नांदेडला गेलात कशाला!" फोन बंद.

चाचांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या तोंडची बोलणी खायला मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अजून स्पर्धेला जातो. निशाणाकडे पाठ करून पोरांच्या खांद्याकडे आणि कोपराकडे बघत उभा राहतो. बाण लागला की नाही, ते शेजारच्याला विचारतो. तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो. बघू दे.