आधीच केलेली खूण

दुपारचे तीन वाजलेत. ओवी दूध पिता पिता झोपलीय, पण तिची मूठ कस्तुरीच्या गाऊनमध्ये अडकलीय, त्यामुळे कस्तुरीला हलता येत नाही. शेजारी उशीवर प्रबंध पडलाय. आर्थिक आणि सामाजिक नीतिशास्त्र, एम.ए.चं शेवटचं वर्ष, सोलापुरातल्या बारा विडी कामगार बायकांच्या मुलाखती. ओवीच्या जन्मामुळे मार्गदर्शक बिराजदार सरांनी दोनदा मुदत वाढवून दिली. उद्या सकाळी प्रबंध दिला नाही तर वर्ष गेलं.

फक्त मागे संमतीपत्रकं जोडायची उरलीत. ती नरसम्मा गड्डम यांनी विडीच्या लाल दोऱ्याने बांधून दिली होती. शेवटची मुलाखत त्यांचीच. पुढे महिन्याभरात त्या गेल्या. आठवडा झाला, कस्तुरी रोज गठ्ठा हातात घेते आणि गाठ न सोडताच ठेवून देते.

पंख्याची घरघर लांब लांब जाते. पडद्यातून येणारा उजेड ओल्या पानांसारखा हिरवट होतो.

वर्ग भरलाय. बाकं कुणी उचलून नेलीत कोण जाणे. फळ्यावर विषयाचं नाव आहे आणि फळ्याखाली नरसम्मा बसल्यात, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं.

"ये. उशीर केलास. पोरगी रडत होती काय?"

"मावशी, तुम्ही तर…"

"गेले. म्हणून हात थांबतात होय?" पान वळलं, दोरा फिरला, विडी सुपात पडली. "इथं शिकवतात तरी काय गं?"

"कुणाच्या कष्टावर कोण जगतं, आणि ते बरोबर की चूक."

"हे कळायला दोन वर्षं लागतात?" नरसम्मा तोंडाला पदर लावून हसतात. मग हसू विरतं. "माझा कागद वाचून दाखव."

कागद कस्तुरीच्या हातातच आहे. खाली अंगठ्याचा ठसा. पानं वळून वळून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या, कागदावर नुसता निळा ठिपका उमटलाय.

"माझे नाव गुप्त ठेवावे," कस्तुरी वाचते. "होय."

"हे मी कधी बोलले?"

कस्तुरीला माहीत आहे. मुलाखती सुरू व्हायच्या आधी, ओवीला मांडीवर घेऊन पाजता पाजता, तिने बाराच्या बारा कागदांवर 'होय'च्या चौकटीत खूण करून टाकली होती. वेळ वाचेल म्हणून. कारखान्याशी वैर कोण घेणार, सगळ्या होयच म्हणतील, असं तिनेच परस्पर ठरवलं होतं.

"विचारलंच नाही मी, मावशी."

"तेच म्हणते."

फळ्याच्या जागी आता कारखान्याची खिडकी आहे. आतून आवाज येतो, "एकशे चौदा!" नरसम्मा विड्यांची टोपली पुढे सरकवतात. खिडकीतला हात मूठभर विड्या बाजूला फेकतो. छाट, म्हणजे त्यांची मजुरी नाही. का, ते सांगत नाही. वर बघतही नाही.

"चाळीस वर्षं मी एकशे चौदा," नरसम्मा म्हणतात. "तुझ्या पुस्तकात कितवी?"

"सहभागी क्रमांक बारा."

"बघ. तेवढी वर सरकले."

"मी नाव घालते. आत्ता घालते."

"आणि पद्मजा? माझी सून आता त्याच एकशे चौदाच्या कार्डावर, त्याच खिडकीत उभी असते. माझं नाव वाचून खिडकीतल्याने तिची अख्खी टोपली छाटली तर?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा ना."

"मेलेल्या माणसाला विचारणं सोपं असतं, पोरी. ते काही उलट बोलत नाही. जी खिडकीत उभी आहे तिला विचार."

"वेळ कुठंय? उद्या सकाळी द्यायचाय."

नरसम्मा ऐकत नाहीत. खिडकी गेलीय, पलंगाच्या कडेला त्या ओवीवर वाकल्यात. अंगाला तंबाखूचा आणि भिजल्या गोणपाटाचा वास.

"चिट्टी माझी, इवलीशी. हिचं नाव काय ठेवलंत?"

"ओवी."

"बारशाला कानात सांगितलं होतं ना?"

"हो. आत्याने सांगितलं."

"माझ्याही कानात कुणीतरी सांगितलं असेल," नरसम्मा म्हणतात आणि ओवीचा अंगठा हळूच हातात घेतात.

कस्तुरी दचकून उठते. ओवी जागी आहे, आपल्याशीच पुटपुटतेय. गठ्ठा सुटलाय, कागद चादरीभर पसरलेत, सगळ्यात वर तो निळा ठिपका. पोरीनेच ओढलं असेल, कस्तुरी मनाला सांगते. पण ओवीच्या अंगठ्यावर लाल दोऱ्याचे दोन सैल वेढे आहेत, आणि त्यांच्यावर गाठ. तीच, नरसम्मांची.

ती फोन उचलते. 'सर, उद्या प्रबंध देता येणार नाही. बायकांना एक प्रश्न विचारायचा राहिलाय.' पाठवताना बोट क्षणभर थांबतं, मग पाठवते.

पिशवीत ओवीचा लंगोट, पाण्याची बाटली, आणि बारा कोरी पत्रकं. 'होय' आणि 'नाही', दोन्ही चौकटी रिकाम्या. पहिलं पद्मजासाठी, सासूच्या नावाचं विचारायला. गाठ न सोडता ती ओवीच्या अंगठ्यावरून वेढे अलगद काढते, आपल्या बोटात घालते आणि पायात चपला सरकवते.