भावजींच्या हातचा काढा

जप झाल्यावर वही उघडली ती भावजींबद्दल लिहायला. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. सगळा जन्म घड्याळदुरुस्तीत गेला. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हा माणूस कॉफी मात्र कडूजहर करायचा. अडतीस वर्षांच्या संसारात सकाळची कॉफी त्यांच्याकडे, आणि पहिला घोट घेऊन माझ्या जाऊबाईंचं, म्हणजे ताईंचं, ठरलेलं, "कॉफी दिलीत की काढा?" त्यावर भावजी म्हणायचे, "पी मुकाट्यानं, खोकला होणार नाही."

दोन वर्षांपासून ताईंचं विसरणं वाढलं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग मी. शेवटी नवऱ्याचा चेहराही पुसला गेला. "अहो, तुम्ही कोणाकडे आलात?" असं दिवसभर त्यांनाच विचारायच्या. पण सकाळी पहिला घोट घेतला की तोंड वाकडं व्हायचं, "कॉफी दिलीत की काढा?" तेवढ्यापुरते भावजी पुन्हा त्यांचे व्हायचे.

भावजी मला म्हणाले, "काढा पाजून एवढी ओळख देते. चांगली कॉफी पाजली तर दिवसभर देईल."

त्यांनी कॉफी दळायची लाकडी हातगिरणी उघडून भिंगातून पाहिली. दाते झिजलेले. अर्धं पीठ पडायचं, अर्धी भरड. "पीठ कडवट उतरतं, भरड कच्ची राहते. म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता तर." मला घेऊन दुकानात गेले. विजेवरच्या पात्याच्या यंत्राकडे बघून म्हणाले, "हे दळत नाही, नुसतं चिरतं." मग पोलादी दात्यांच्या हातगिरण्या एकेक कानाशी धरून फिरवत बसले.

दुकानदार म्हणाला, "आजोबा, घड्याळ नाही ते."

"माहीत आहे. घड्याळ असतं तर एवढी काळजी केली नसती."

दुसऱ्या सकाळी मी तिथेच होते. भावजींनी छोट्या ताजव्यात बिया तोलल्या. दळण साखरेसारखं एकसारखं पडलं. पाण्याची उकळी बसू दिली, कागदी गाळणीवर बारीक धार धरली. घर वासानं भरलं. ताईंनी घोट घेऊन डोळे मिटले.

"किती छान हो. आमच्या ह्यांना नाही जमत अशी."

कप संपवून त्या चपला शोधू लागल्या. "निघते. हे वाट बघत असतील."

भावजी हसायला लागले होते. ते हसू तसंच राहिलं.

लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी गिरणी काढली. पाणी खळखळ उकळलं, पूड मुद्दाम जास्त घातली. अगदी पहिल्यासारखा काढा. ताई तो परक्या घरी प्यावा तसा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. "छान झाली. उगाच त्रास घेतलात."

याला महिना झाला. रोज तोच काढा, रोज तेच कौतुक. नवी गिरणी भावजींनी मला देऊन टाकली. देवाकडे मी ताईंची आठवण मागत नाही, एवढं मोठं मागायचा धीर होत नाही. ते एक टोचून बोलणं तेवढं मागते.

आज सकाळी भावजींनी मलाही कप दिला. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी तोंड वाकडं करून म्हटलं, "कॉफी दिलीत की काढा?"

ते बराच वेळ गिरणीचा दांडा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू नको म्हणूस."